हात न टेकता उठता येते का?

ज्येष्ठ माता-भगिनींच्या अंगातील बळ आणि त्यांचे स्वावलंबन

गेल्या वर्षीच्या वर्षावासातील गोष्ट. आमच्या फुलपाड्यातील विहारात ग्रंथवाचन आटोपले आणि वंदनेसाठी सर्वांनी उभे राहायचे होते. सतरंजीवर तीस-पस्तीस जणी बसलेल्या. तरुण मुली पटकन उठल्या. चाळिशीतल्या आम्ही गुडघ्यावर हात ठेवून उठलो. साठीच्या पुढच्या होत्या, त्यांच्यापैकी एकीने भिंत धरली, एकीने नातीचा खांदा धरला, दोघी आधी ओणव्या झाल्या आणि मग दोन्ही हात जमिनीला टेकून कशाबशा उठल्या. तिघी तर बसल्या जागीच हात जोडून राहिल्या. पाठीमागे भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. काही वर्षांपूर्वी तिथे दोन खुर्च्या असत. त्या दिवशी मी मोजल्या, अकरा होत्या.

आणि आमच्या सासूबाई तर विहारातच नव्हत्या. त्या घरी पलंगावर होत्या.

हा लेख त्या अकरा खुर्च्यांबद्दल आहे आणि त्या पलंगाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही. कचेरीत कारकुनी करते, रोज विरार लोकलचा धक्का खाते आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतील चार कामे करते. पण वर्षभरात घरात जे अनुभवले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, विचारले, ते आपल्या कुटुंबांतील प्रत्येक आईपर्यंत पोहोचावे असे मनापासून वाटते.

मोरीत काय घडले

आमच्या आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) आज बहात्तर वर्षांच्या आहेत. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. लहानपणापासून भाताची लावणी, डोक्यावर लाकडाची मोळी, विहिरीवरून पाण्याचे हंडे. लग्नानंतर मुंबईत गिरणी कामगाराच्या चाळीत आल्या. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, घरातला पगार बंद पडला, तेव्हा पदर खोचून त्या इमारतींच्या कामावर बिगारी म्हणून गेल्या. डोक्यावर विटांची पाटी घेऊन बांबूच्या परातीवरून माळे चढल्या. त्याच कष्टांवर मुले शिकली. पुढे अनेक गिरणी कामगार कुटुंबांप्रमाणे आमचेही घर विरारला आले.

अशी बाई गेल्या वर्षी मे महिन्यात मोरीत बसली आणि उठू शकली नाही. घसरल्या नाहीत, चक्कर आली नाही, हाड मोडले नाही. कपडे धुवायला खाली बसल्या आणि पायांत उठण्याचे बळच राहिले नाही. दार आतून लावलेले. आम्ही सारे कामावर. दोन तास त्या ओल्या फरशीवर बसून होत्या. शेजारच्या मावशींनी हाका ऐकल्या आणि माझ्या दिरांना बोलावून दार उघडवले.

आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. तिथे सांगण्यात आले, "वय झालंय, आता आराम करू द्या." आम्ही अगदी मन लावून आराम दिला. पाणी हातात, ताट पलंगावर, आंघोळीला मी सोबत. "आई, तुम्ही बसा, मी करते," हे वाक्य दिवसातून वीस वेळा माझ्या तोंडी असे. तीन महिन्यांत परिणाम असा झाला की ज्या बाई मे महिन्यापर्यंत बाजारातून पाच किलो तांदूळ उचलून आणत होत्या, त्यांना ऑगस्टमध्ये संडासापर्यंत जायला माणूस लागू लागला. एके रात्री त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, आयुष्यभर कुणाचं ओझं झाले नाही गो. आता झाले."

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मनातून मला जाणवत होते की त्यांना पलंगाला खिळवण्यात आजाराचा वाटा थोडा आणि आमच्या आरामाचा वाटा मोठा होता.

जोर वेगळा, चपळ बळ वेगळे

एका धर्मादाय दवाखान्यातील फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्यांदा आम्हाला नीट समजावून सांगितले. त्यांनी आईंना खुर्चीवर बसवले आणि हात छातीशी घेऊन उठायला सांगितले. आईंना जमले नाही. ताई म्हणाल्या, "गुडघे झिजलेत हे खरं, पण खरी अडचण मांड्यांची आहे. स्नायू गेलेत. ते परत आणता येतात."

स्नायूंचे दोन गुण असतात, हे मला तोवर माहीत नव्हते. एक म्हणजे जोर. हंडा जमिनीवरून उचलणे हे जोराचे काम. दुसरा गुण म्हणजे तोच जोर झटक्यात लावता येणे. जोर गुणिले वेग, असा त्याचा साधा हिशेब. लोकल फलाटावर जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात पायरीवर पाय देऊन अंग वर खेचणे, हे नुसत्या जोराचे काम नाही. पाय अडखळला तर दुसरा पाय चटकन पुढे टाकून तोल सावरणे, रस्ता ओलांडताना रिक्षा आली तर दोन पावले झपकन टाकणे, बसल्या जागेवरून उठणे, या साऱ्याला हे दुसरे बळ लागते.

वय वाढते तसे हे दुसरे बळ आधी जाते. स्नायूंमध्ये काही तंतू सावकाश काम करणारे, न थकणारे असतात आणि काही झटपट आकुंचन पावणारे असतात. म्हातारपणात झटपट काम करणारे तंतू जास्त प्रमाणात झिजतात. म्हणूनच एखादी आजी सावकाश दोन किलोमीटर चालू शकते, पण खाली बसली की उठू शकत नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाचे स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला १९८९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया असे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ मांस कमी होणे.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. मला हे घसाऱ्याच्या हिशेबासारखे वाटले. पुरुषाच्या मानाने बाईच्या खात्यात स्नायूंची आरंभीची शिल्लकच कमी. त्यात बाळंतपणे, रक्ताची कमतरता आणि शेवटी उरलेले खाण्याची सवय. पाळी गेल्यानंतर हाडांची आणि स्नायूंची झीज आणखी वाढते. आणि बाई सरासरीने पुरुषापेक्षा जास्त वर्षे जगते. म्हणजे शिल्लक कमी आणि ती पुरवायची जास्त वर्षे. शिवाय या खात्यात दरवर्षी नुसता घसाराच लिहिला जातो, भर कुणीच घालत नाही. मग एक दिवस खाते रिकामे होते आणि आपण म्हणतो, वय झाले.

"आयुष्यभर राबलो, आता व्यायाम कशाला?"

हा प्रश्न आपल्या वस्तीत हमखास विचारला जातो. आमच्या आईंनीही विचारला. "मी काय शेटाणी आहे का व्यायाम करायला? अर्धी विरार बांधली मी!"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. शरीर मागच्या कष्टांचे व्याज देत नाही. आज ज्या स्नायूला काम मिळते तोच स्नायू शरीर सांभाळते. तीस वर्षांपूर्वी उचललेल्या विटा आज कामी येत नाहीत. उलट त्या कष्टांनी गुडघे आणि कंबर झिजवली, आणि पोटात पुरेसे अन्न नसल्यामुळे त्या कष्टांतून जेवढे स्नायू बनायला हवे होते तेवढेही बनले नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले राहणे बदलले. गावी जाते होते, चूल होती, विहीर होती. दिवसभरात बाई पन्नास वेळा उकिडवी बसे आणि उठे. फुलपाड्यात ओटा आला, गॅस आला, मिक्सर आला, नळ आला. हे सारे आले ते फार चांगले झाले. ज्या बायांच्या डोक्याचे केस हंड्यांनी गेले त्यांना ते हंडे परत मिळावेत असे कोणी म्हणू नये. ते कष्ट जातीने आणि गरिबीने आपल्यावर लादले होते. पण त्या कष्टांबरोबर पायांतले बळही निघून गेले. कष्ट जावोत, बळ राहिले पाहिजे. आणि ते आता आपल्या मर्जीने, मोजून-मापून, आपल्याच शरीरासाठी कमवायचे आहे. यात शेटाणीपणा काही नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे उशीर झालेला नाही. १९९० साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातील दहा जणांना पायांचे वजनी व्यायाम दिले. त्यांची वये ८६ ते ९६. फक्त आठ आठवडे. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांतील जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे पावणेतीन पट झाला. दोघांनी हातातली काठी सोडली. १९९४ साली त्यांनीच शंभर वृद्धांवर मोठा अभ्यास केला, तेव्हाही व्यायाम करणाऱ्यांचा जोर दुपटीहून जास्त झाला आणि जिना चढण्याचे बळ २८ टक्क्यांनी वाढले. नव्वदीतला माणूस स्नायू कमावू शकतो, तर आपल्या पासष्टीच्या, सत्तरीच्या आया का नाही कमावणार?

आपल्याच मातीतल्या बाया

परदेशातले पुरावे झाले, आता आपल्याकडे बघू. जुलै २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पुण्याच्या रस्त्यावर लाठ्या फिरवणाऱ्या ८५ वर्षांच्या शांताबाई पवार साऱ्या देशाने पाहिल्या. डोंबारी समाजातल्या या आजी लहानपणापासून काठीचा खेळ शिकल्या आणि तो त्यांनी सोडला नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी हातात वेग होता, नजर होती, पाय स्थिर होते. रोजचा सराव हेच त्याचे कारण.

बारामतीच्या लता भगवान करे यांची गोष्टही अनेकांना ठाऊक असेल. शेतमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या या बाई. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून नऊवारी नेसून मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतः काम केले आणि २०२१ साली जाहीर झालेल्या ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

लताबाईंचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. नवऱ्याच्या तपासणीसाठी साठीच्या बाईला धावावे लागते, ही समाजाला शोभणारी गोष्ट नाही. आणि आपल्या प्रत्येक आईने मॅरेथॉन धावावी अशी अपेक्षाही नाही. तिला स्वतःच्या पायांनी संडासला जाता यावे, स्वतःची आंघोळ स्वतः करता यावी, जिना उतरून भाजी आणता यावी, आणि वाटले तर लोकल पकडून लेकीकडे जाता यावे. एवढीच मागणी आहे. पण माणसाचा मान याच एवढ्याशा गोष्टींत असतो.

घरच्या घरी परीक्षा

आपल्या आईच्या पायांत किती बळ आहे हे पाहायला पैसे लागत नाहीत. एक साधी, हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईला बसवा, दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवायला सांगा. आता पूर्ण उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे, असे पाच वेळा, जमेल तितक्या लवकर. घड्याळात सेकंद मोजा. तुम्ही बाजूला उभे राहा, म्हणजे तोल गेला तर धरता येईल. आशिया खंडातील तज्ज्ञांच्या एका गटाने २०१९ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांचे बळ कमी झाले आहे असे समजावे. पाच वेळा जमतच नसेल तर काम आजच सुरू करायला हवे.

दुसरी परीक्षा आपल्या बसण्या-उठण्याचीच आहे. ब्राझीलमधील डॉ. क्लाउडिओ गिल अराउजो यांनी ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला लावले. हात, गुडघा किंवा कोपर टेकले की एकेक गुण कमी. दहापैकी गुण द्यायचे. पुढची काही वर्षे त्यांची नोंद ठेवली. २०१२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, तीन किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळालेल्यांच्या पाच पटींहून जास्त होते. त्याच डॉक्टरांनी २०२५ साली ३,८८९ स्त्री-पुरुषांचा अभ्यास मांडला. त्यात असे दिसले की माणूस किती जगेल याचा अंदाज नुसत्या हाताच्या पकडीच्या जोरापेक्षा झटक्यात लावलेल्या बळावरून अधिक चांगला येतो.

यावरून घाबरून जायचे कारण नाही. हात टेकला म्हणून कोणी मरत नाही. पण ही धोक्याची घंटा आहे एवढे खरे. आणि गंमत पाहा, जमिनीवर बसणे ही तर आपली रोजची रीत. पंगतीत बसणे, विहारात सतरंजीवर बसणे, ही आपली परीक्षाही आहे आणि व्यायामही. झेपत असेल तोवर खुर्ची मागू नका.

वीस मिनिटांचा व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की ६५ वर्षांवरील माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढवणारे व्यायाम करावेत. चालणे चांगलेच आहे, पण नुसत्या चालण्याने मांड्यांत बळ येत नाही. ताईंनी आम्हाला शिकवले ते असे:

१. खुर्चीवरून उठणे-बसणे. उठायचे झटकन, बसायचे सावकाश, मनात तीन आकडे मोजत. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर घडी केलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा, किंवा समोर टेबलाला हात लावा. आठ वेळा करून थांबा, दम घ्या, पुन्हा आठ वेळा.

२. ओट्याला हात धरून टाचा उचलणे. पोटऱ्यांचे बळ याने येते. दहा वेळा, दोनदा.

३. भिंतीपासून एक पाऊल दूर उभे राहून, तळहात भिंतीला टेकवून, कोपरात वाकून पुढे जाणे आणि भिंतीला ढकलून मागे येणे. हात आणि खांदे मजबूत होतात. मोरीत कधी बसलेच तर उठायला हेच हात कामी येतात.

४. जिन्याची एक पायरी चढणे-उतरणे, कठडा धरून. आधी पाच वेळा, मग दहा.

५. ओट्याला बोट लावून एका पायावर उभे राहणे. दहा आकडे मोजेपर्यंत. मग दुसरा पाय.

६. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन. दोन हातांत दोन बाटल्या घेऊन वर-खाली करणे. विकतचे काही लागत नाही.

नियम एवढाच की व्यायाम थोडा जड गेला पाहिजे. दहा वेळा सहज होऊ लागले की थोडे वाढवा. श्वास रोखू नका, उठताना सोडा. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर हरकत नाही. सांध्यात सुरी खुपसल्यासारखी कळ आली, छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, नुकतेच हाड मोडले आहे किंवा डोळ्याचे वा पोटाचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघेदुखी असलेल्यांनी मात्र घाबरून बसू नये. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

ताटात काय आहे?

व्यायाम केला आणि पोटात चहा-टोस्ट गेला, तर भिंत बांधायला गवंडी आला आणि विटाच नाहीत, अशी गत होईल. स्नायूंच्या विटा म्हणजे प्रथिने. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या आईला पन्नास ग्रॅम.

मी वहीत मांडलेला एका दिवसाचा अंदाजे हिशेब असा. दोन भाकरी ९ ते १० ग्रॅम, थोडा भात ४, घट्ट वरण एक वाटी ७, मटकीची किंवा चवळीची उसळ एक वाटी ७, एक अंडे ६, मूठभर शेंगदाणे ७, एक पेला दूध ६. बेरीज शेहेचाळीस-सत्तेचाळीस. त्यात भाजलेले दोन सुके बोंबील टाकले की पन्नाशी पार. आपल्या वसई-विरारच्या बाजारात सुकी मासळी भरपूर मिळते आणि सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. रक्तदाब असेल तर खारवलेली मासळी धुऊन, बेताने खावी. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पूर्वी देशावरच्या आपल्या वाड्यांत उन्हात वाळवलेल्या चान्या असत. गरिबाला परवडणारे ते मांस होते. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यावर तोही मार्ग खुंटला. त्याची भरपाई अंडी, डाळी, शेंगदाणे, मासळी यांनी जाणीवपूर्वक करायला हवी.

पण खरा प्रश्न बाजाराचा नाही, पंगतीचा आहे. अंडी आणली की ती मुलांना आणि कमावत्याला. आई म्हणते, "मला नको, आवडत नाही." आमच्या आईंना अंडे आवडत नाही असे मी वीस वर्षे समजत होते. ताईंनी सांगितल्यावर रोज एक वाढू लागले, तर चवीने खाल्ले. आवडत नव्हते असे नाही, पुरत नव्हते.

घराची आणि गावाची जबाबदारी

सारा भार आईवरच टाकून चालणार नाही. मोरीत आणि संडासात भिंतीला एक लोखंडी दांडा ठोकून घ्या. प्लंबरचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. रात्री मोरीत दिवा असू द्या. फरशीवरची सरकणारी पायपुसणी काढा. कपडे धुवायला उंच स्टूल द्या. आतून कडी लावायची नाही, हा नियम घरात करा.

आपल्या भागात चार माळ्यांच्या, लिफ्ट नसलेल्या कितीतरी इमारती आहेत. फुलपाडा, मनवेलपाडा, कारगिल नगर, कुठेही जा, तिसऱ्या-चौथ्या माळ्यावर वर्षानुवर्षे खाली न उतरलेल्या आज्या भेटतील. जिन्याला कठडा नाही, दिवा नाही, पायऱ्या उंच-सखल. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. बसायला बाके असलेला, खड्डे नसलेला पदपथ ज्येष्ठांना मिळावा ही मागणी आपल्या संघटनांनी आपल्या निवेदनांत घालायला काय हरकत आहे?

२०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये, असे तिचे स्वरूप ठरले. आपल्या भागातील कार्यकर्त्यांनी समाज कल्याण कार्यालयात चौकशी करून गरजू आयांचे अर्ज भरून द्यावेत. मात्र काठी आधार देते, बळ देत नाही. काठी आली म्हणून व्यायाम थांबवू नये.

आणि आम्हा सुनांना, लेकींना, मुलांना एक सांगणे. "तुम्ही बसा, मी करते," हे प्रेमाचे वाक्य आहे, पण ते रोज म्हटले की माणूस पांगळा होतो. आईच्या हातून काम काढून घेऊ नका. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, ओट्याशी उभे राहून फोडणी देणे, खालून दूध आणणे, जे झेपेल ते करू द्या. शेजारीपाजारी म्हणतील, म्हातारीला राबवते. मलाही म्हणाले. म्हणू द्यावे.

वर्षभरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही गोधडी घातलेल्या खुर्चीपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी आई हात टेकून तीन वेळा उठल्या आणि रडल्या. आठवड्याभराने पाच वेळा. दिवाळीपर्यंत गोधडी निघाली. ६ डिसेंबरला त्या चैत्यभूमीला येतो म्हणाल्या. मी मनातून घाबरले होते. विरारहून सुटणारी गाडी आम्ही मुद्दाम लवकरची धरली. त्यांनी दाराचा दांडा पकडला, पाय वर ठेवला आणि मी हात देण्याआधीच आत होत्या. मागे वळून म्हणाल्या, "बघतेस काय? ये वर."

त्यानंतर विहारात आम्ही दर रविवारी वंदनेनंतर त्याच खुर्च्या गोल मांडू लागलो. आधी पाच जणी आल्या, आता चौदा येतात. एकमेकींचे सेकंद मोजतात, हसतात, चिडवतात. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. सगळ्यांनाच गुण आला असेही नाही. एकीला गुडघ्याचे ऑपरेशन सांगितले आहे, एक मुलाने नको म्हटल्यामुळे यायची थांबली. तिच्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत.

या वर्षीच्या आषाढी पौर्णिमेला वर्षावासाचे वाचन सुरू झाले. वंदनेसाठी सगळ्या उठल्या. आमच्या आई सतरंजीवर बसल्या होत्या. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, एक हात जमिनीला टेकला आणि उभ्या राहिल्या.

अजून एक हात टेकतो. तोही सुटेल असे त्यांचे म्हणणे आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी जेवण झाल्यावर नव्हे, जेवणाआधी, आपल्या आईसाठी एक खुर्ची भिंतीला लावा आणि घड्याळ हातात घ्या. पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते पाहा. मग आपलेही मोजा. ज्या बायांनी विटा उचलून आपल्याला उभे केले, त्यांना शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, एवढे करणे आपल्या हातात आहे.